फुकट टूलचा खरा खर्च

सॉफ्टवेअरच्या टेस्ट आपोआप चालवायला मोठ्या कंपनीने कोणतं टूल घ्यावं, यावर एक सल्ला असतो: लायसन्स फुकट आहे म्हणून ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियमच घ्या. मला ते पटत नाही. सेलेनियम उत्तमच आहे, ब्राउझर चालवण्याची त्याची पद्धत, वेबड्रायव्हर, तर २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. पण मोठ्या कंपनीत पैसा जातो तो टेस्टच्या स्क्रिप्ट, म्हणजे टेस्टचा कोड, सांभाळण्यात.

हिंजवडीत एका प्रोजेक्टवर आमच्या दीड हजार टेस्ट होत्या. रोज रात्री चाळीसेक लाल, म्हणजे नापास, व्हायच्या, बहुतेक वेळा बटण तयार होण्याआधीच क्लिक झाल्यामुळे. सकाळचे दोन तास त्यातच जायचे. हळूहळू लाल दिसलं तरी कुणी बघेनासं झालं, आणि त्या गर्दीत एक खरा बग प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे टूल बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत आपणहून थांबतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. मात्र ते ब्राउझरपुरतं. जुनी डेस्कटॉप अ‍ॅप्स असतील तर यूएफटीसारखं (पूर्वीचं क्यूटीपी), डेस्कटॉप अ‍ॅप्सही तपासणारं टूल पाहावं लागतं.

टूल निवडताना विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नका. आपल्याच सर्वांत किचकट वीस टेस्ट घ्या, तीन आठवडे रोज रात्री चालवा, मध्येच एखादी स्क्रीन बदला आणि दुरुस्तीला किती तास गेले ते लिहून ठेवा. आणि हे काम रोज टेस्ट लिहिणाऱ्यांकडूनच करून घ्या.