‘इमारेत’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीवर लेख लिहिते आहे. सुलतान सुलेमानने ती मिमार सिनानकडून १५५० ते १५५७ या काळात बांधून घेतली. भोवती मदरसे, दवाखाना, हमामखाना, आणि एक ‘इमारेत’. मी सरळ ‘इमारत’ लिहून मोकळी झाले होते, पण पुढे ‘इमारेतमधून रोज जेवण मिळे’ असं वाक्य आलं आणि अडले.

उत्तर : डोळे झाकून ‘अन्नछत्र’ लिहा. ‘इमारेत’ आणि ‘इमारत’ या दोन्हींचं मूळ अरबी ‘इमारा’. त्या धातूत वसवणं, आबाद करणं हा अर्थ आहे. फारसीतून आपल्याकडे येताना तो बांधकामापुरता उरला. उस्मानी तुर्कीत मात्र धर्मादाय स्वयंपाकघरासाठी रूढ झाला. सिनानच्या नावाआधीचा ‘मिमार’, म्हणजे स्थपती, हाही त्याच धातूचा, आणि आपली ‘उमर’, म्हणजे वय, तीसुद्धा. सिनानची कबर मशिदीच्या आवाराला लागूनच आहे. लेखात ही शब्दांची भावकी जरूर येऊ द्या.

दुसरं उत्तर : ‘सदावर्त’ कसं वाटतं? तिथे मदरशातले विद्यार्थी, नोकरचाकर, वाटसरू, गरीब असे सगळेच जेवत.

पहिल्याचं उत्तर : सदावर्त म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोरडा शिधा येतो. इथे अन्न शिजत होतं, तेव्हा अन्नछत्रच.

प्रश्न : पटलं. आणखी दोन अडचणी. चार मिनारांना मिळून दहा ‘शेरेफे’ आहेत, सुलेमान दहावा उस्मानी सुलतान म्हणून दहा असं सांगतात. गॅलरी म्हणू? आणि तेलाच्या दिव्यांचा धूर हवेच्या झोताबरोबर मुख्य दाराच्या वरच्या खोलीकडे जाई, तिथे साठलेल्यापासून शाई करत. ती ‘काजळी’ की ‘काजळ’?

उत्तर : ‘सज्जा’ म्हणा. मिनाराभोवती फिरणारा, अजान देणारा उभा राहायचा तो सज्जा. गॅलरी म्हटलं की चाळ आठवते.

काजळीचं म्हणाल तर, आमची आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची. कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी, ती पुसून टाकायची. ताटलीवरचं बोटाने अलगद काढून डबीत भरायची, ते काजळ. सिनानच्या त्या खोलीत मुद्दाम जमवत होते ना? मग काजळ. आपल्याकडेही पोथ्यांची शाई काजळाचीच असे.