खडकवासल्यातून किती विसर्ग झाला की तळमजला सोडायचा? मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यात सिंहगड रोडला, विठ्ठलवाडीजवळ मुठा नदीच्या अंगाला एका जुन्या सोसायटीत आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे. घरात सासूबाई आहेत, वय ८१, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) आसपास पाणी सुटलं आणि बघता बघता आमच्या उंबऱ्याला लागलं. सूचना पोचली तोवर स्कूटर बुडाली होती. शेजारच्या दोन मुलांनी सासूबाईंना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं. सासूबाईंनी १९६१ चा, पानशेत धरण फुटून आलेला पूर नारायण पेठेत बघितलाय. पाणी सोडलं म्हटलं की अजूनही त्यांचा पहिला प्रश्न असतो, "धरण धड आहे ना?"

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पाऊस येणार हे माहीत असताना धरण आधीच रिकामं का करून ठेवत नाहीत? आणि रोज टक्केवारी बघते, पण ९० टक्के म्हणजे घाबरायचं की नाही? कृपया कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १
ताई, नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २. सगळ्यात खालचं धरण, आणि तेच सगळ्यात लहान. गणित करून बघा: ३५ हजार क्युसेकने पाणी येत राहिलं तर पूर्ण रिकामं खडकवासलाही साधारण १६ तासांत भरतं. म्हणजे आधी रिकामं केलं तर काही तास हाताशी येतात, पूर टळतोच असं नाही. ते काही तास तुमच्यासारख्यांना लाखमोलाचे, त्यामुळे तुमची मागणी रास्तच आहे.

खरी जागा पानशेत-वरसगावात असते. ती दोन्ही भरलेली नसतील तर वरचं बरंचसं पाणी तिथेच अडतं, आणि खडकवासल्यात येतं ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्या पाणलोटातलं. ती भरली की आंबी आणि मोसी या दोन्ही नद्यांचं पाणी थेट खाली येतं. तेव्हा ऑगस्टमध्ये वरची धरणं काठोकाठ असताना घाटात मुसळधार सुरू झाला, तर बॅग भरून ठेवा. जुलैत धरणं मोकळी ठेवायला अधिकारी कचरतात, कारण पुढे पाऊस रुसला तर पुण्याचं पिणं आणि दौंड-इंदापूरचं सिंचन दोन्ही अडचणीत येतात. कोणत्या तारखेला किती साठा असावा याचा आराखडा ठरलेला असतो. तो मागून घ्या, वाचा.

मुळशी आणि पवनेच्या विसर्गाच्या बातम्यांनी घाबरू नका. ते पाणी मुळेतून येऊन मुठेला संगमावर भेटतं, तुमच्या बरंच पुढे.

प्रतिसाद २
किती क्युसेकला घर सोडायचं हा आकडा प्रत्येक सोसायटीचा वेगळा असतो. गेटच्या खांबावर ऑइलपेंटने फुटांच्या खुणा करा. विसर्ग वाढला की वेळ, क्युसेक आणि पाणी कुठल्या खुणेला आलं ते वहीत लिहा. दोन पावसाळ्यांत तुमचा आकडा तुमच्याकडे असेल. तोवर १५ हजार ओलांडले की आजींना वर न्या, रात्रीची वाट बघू नका. महापालिकेकडून निळ्या आणि लाल रेषेचा नकाशाही बघून घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदाचा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. १६ तासांचं गणित सासूबाईंना समजावलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रविवारी खांबावर खुणा करतोय.

अजून एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी पाणी गेटातून यायच्या आधी आवारातल्या ड्रेनेजच्या चेंबरमधून वर आलं होतं. पाणी उलटं येऊ नये म्हणून तिथे व्हॉल्व्ह बसवून घेतलेलं कुणी आहे का? खर्च किती आला, आणि पुरात तो टिकला का?