वणवे येतच राहणार असतील, तर आधी काय: घराची तयारी की स्थलांतर?

माळरान

मोठा वणवा पेटला की चर्चा बंब किती होते, विमानं किती होती याभोवतीच फिरते. जिथे उन्हाळा कोरडा असतो, पावसाने दोन-तीन वर्षं दगा दिलेला असतो आणि ठरावीक महिन्यांत सोसाट्याचे वारे सुटतात, तिथे आग लागणार हे गृहीतच धरायला हवं. ती वस्तीपर्यंत पोचल्यावर घर पेट घेणार की नाही, यावर आपण पुरेसं बोलत नाही.

ज्वाळा थेट भिंतीला भिडण्याआधीच बरीचशी घरं ठिणग्यांनी पेटलेली असतात. जोराच्या वाऱ्यात जळक्या सालीचे तुकडे आगीच्या दोन-दोन किलोमीटर पुढे जाऊन पडतात. पन्हळीत साठलेला पाचोळा, दारातलं काथ्याचं पायपुसणं, ओसरीखाली रचलेलं सरपण, पोटमाळ्याचा उघडा झरोका, यातलं काहीही त्यांना पुरतं. घर आतून धुमसत राहतं आणि आगीचा लोंढा पुढे गेल्यावर तासाभराने पेटतं. जळून राख झालेल्या घराशेजारी हिरवं झाड जसंच्या तसं उभं असल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन हेच कित्येक वर्षं सांगत आले: घर वाचेल की नाही, हे घर आणि त्याभोवतीचा तीसेक मीटरचा पट्टा ठरवतो.

त्यातलेही पहिले दीड मीटर सगळ्यात महत्त्वाचे. भिंतीला लागून झुडूप नको, सालींचं आच्छादन नको, घराला टेकलेलं लाकडी कुंपण नको. झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी हवी. कॅलिफोर्नियाने या पट्ट्यासाठी २०२० मध्ये कायदा केला, पण नियमावली पुढे रेंगाळत राहिली. लोकांना खिडकीखालची फुलझाडं काढवत नाहीत. मला ते समजतं, तरीही ती काढायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे.

रानवारा

असहमत. यात सगळा भार घरमालकाच्या डोक्यावर येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइस गाव जळालं, ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. मृतांमध्ये बहुतेक वयस्कर होते. आगीचं मूळ कुठे होतं? वीज कंपनीच्या जुनाट वाहिनीवरच्या, झिजून तुटलेल्या हुकात. कंपनीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. गावाकडे लोकांना बाहेर काढायचा आराखडा होता, तरी रस्ते तुंबलेच. तिथे पन्हळ साफ असती तर काय फरक पडला असता? डोंगरउतारावर, एकाच रस्त्याच्या टोकाला वस्त्या वसवायची परवानगी देणाऱ्यांना आधी विचारा.

माळरान

रानवारा, कंपनीचा दोष मी नाकारत नाही. पण फरक पडला असता का, याचं उत्तर त्याच गावात आहे. २००८ पासून तिथे वणवाप्रवण भागातल्या नव्या बांधकामाला कडक नियम लागू होते. आगीनंतरच्या एका पाहणीत त्यानंतर बांधलेल्या एकल घरांपैकी सुमारे निम्मी शाबूत दिसली, त्याआधीच्या घरांपैकी १८ टक्के. आणि न पेटलेलं घर शेजारच्याला पेटवत नाही. दाट वस्तीत आग घराकडून घराकडेच सरकते, झाडांचा वाटा तिथे कमी असतो.

शमी

मला वेगळीच भीती वाटते. तयारी केली की माणूस थांबतो. ऑस्ट्रेलियात ‘तयारी करा, थांबून घर वाचवा किंवा लवकर निघा’ असं धोरण होतं. ७ फेब्रुवारी २००९ ला तिथल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ जण मेले, त्यातले बहुसंख्य घरात किंवा घराच्या आसपास. कित्येकांनी रीतसर तयारी केलेली होती, पंप होते, नळ्या होत्या. मग शाही चौकशी आयोग बसला आणि धोक्याची सर्वात वरची नवी पायरी आली, जिच्यात सल्ला एकच: निघून जा. ‘माझं घर तयार आहे’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

माळरान

शमी, हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. घराची तयारी करायची ती घर एकटं सोडून जाता यावं म्हणून. नळी हातात घेऊन उभं राहायला नव्हे. पण ‘निघून जा’ हेही अर्धंच आहे. जून २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ जण मेले आणि त्यातले बहुतेक एकाच रस्त्यावर, गाडीत किंवा गाडीबाहेर पळताना. उशिरा निघणं थांबण्याइतकंच घातक ठरतं. म्हणून कधी निघायचं हे घरात आधीच ठरलेलं हवं. धूर दिसल्यावर ठरवू म्हणालात तर उशीर झालाच समजा. धोक्याची पातळी अमुक झाली की म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं आदल्या दिवशीच हलवायची. गाडी बाहेरच्या दिशेने तोंड करून लावायची, इंधन निम्म्याखाली जाऊ द्यायचं नाही. औषधं, चष्मा, कागदपत्रांच्या प्रती, सुती कपडे, बंद बूट एका पिशवीत भरून दाराशी ठेवायचे. वीज गेल्यावर गॅरेजचं दार हाताने उघडता येतं का, हे घरातल्या प्रत्येकाने एकदा करून बघावं.

ओलावा

दुष्काळ बाजूला राहतोय. पाणीकपात असताना घराभोवतीचा पट्टा हिरवा ठेवा म्हणणं कसं जमणार? केप टाउनमध्ये २०१८ ला माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती, तिथे बागेला पाणी कुठून आणणार? आणि टंचाईने झाडंच मरतात. २०१२ ते २०१६ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियात १० कोटींहून अधिक झाडं वाळली, किडीने उरलेलं काम केलं. ते सगळं आजही सरपणच आहे. नळाच्या भरवशावर तर राहूच नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात डोंगरावरच्या तिन्ही टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. शहराची पाणीव्यवस्था एकावेळी दोन-चार घरं विझवण्याच्या हिशेबाने बांधलेली असते, अख्खा डोंगर विझवण्याच्या नाही.

माळरान

म्हणूनच भिंतीलगत झाडं लावूच नका. तिथे खडी किंवा फरशी टाका. पाणीही वाचतं, धोकाही कमी होतो. उरलेलं पाणी लांबच्या दोन-तीन मोठ्या झाडांना द्या.

आडवाट

मुळात जंगलातलं इंधन कमी करा की. १९३५ नंतर अमेरिकेत प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचा दंडक होता. दशकानुदशकं पाचोळा साठत गेला. कारुक, युरोक या तिथल्या मूळनिवासी जमातींचे लोक पिढ्यान् पिढ्या रान थोडं थोडं जाळत आले होते, त्यांनाही मनाई केली. थंड, दमट दिवसांत मुद्दाम लावलेली लहान आग हाच खरा उपाय आहे.

रानवारा

आणि ती हाताबाहेर गेली तर? २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत असंच झालं. नियोजित आग सुटली, ३ लाख ४० हजार एकरांवर गेली. ज्यांची शेकडो घरं त्यात जळाली, त्यांना ‘खरा उपाय’ म्हणून दाखवा.

आडवाट

तिथे कोरडेपणाचा अंदाज चुकला. त्यासाठी पद्धत सुधारायची. न जाळणं हाही निर्णयच आहे, त्याचे बळी वेगळ्या वर्षी मोजले जातात एवढंच.

शमी

भाड्याने राहणाऱ्यांचं काय? झरोक्याची जाळी बदलायला घरमालक तयार नसतो आणि पंच्याहत्तरीच्या माणसाने शिडीवर चढून पन्हळ साफ करावी असं कोण म्हणेल? विमा कंपन्या अंग काढून घेत आहेत, त्यामुळे घर विकून जावं तर गिऱ्हाईक नाही. ‘स्थलांतर करा’ हे ज्यांच्याकडे दुसरं घर घ्यायची ऐपत आहे त्यांनाच लागू.

रानवारा

स्थलांतराची सक्ती मी मागत नाहीये. बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही तिथे नव्या घरांना परवानगी नको, एवढंच म्हणतोय. माळरान, यावर तुम्ही अजून बोलला नाहीत.

माळरान

पटतं, नवी परवानगी नकोच. पण जी हजारो घरं आधीच उभी आहेत, त्यांच्यासमोर येता हंगाम आहे. शमी म्हणतात ते काम एकेकट्याने होणारं नाही. गल्लीतल्या चार धडधाकट माणसांनी एका रविवारी सगळ्यांच्या पन्हळी साफ कराव्यात, म्हाताऱ्यांच्या आधी. जाळ्यांचा खर्च घरमालकाने आणि पालिकेने वाटून घ्यावा, यासाठी मी भांडायला तयार आहे. रस्त्याची मागणी लावून धरूच. तो होईपर्यंत पाचोळा काढायचं थांबवायला मी तयार नाही.