घटस्फोट नको आहे, पण मुलांचा खर्च हवा आहे. स्टॅम्पपेपरवर सही झाली आहे, तरी मागता येईल का?

कृष्णाकाठ:
मी कराडजवळ माहेरी राहते. मुलगी आठवीत आहे, मुलगा तिसरीत. नवरा चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे. आम्ही वेगळे राहायला लागलो तेव्हा दोन्हीकडची माणसं बसली होती आणि स्टॅम्पपेपरवर लिहून झालं की, 'दोघं राजीखुशीने वेगळे राहत आहोत, एकमेकांकडे कसलीही मागणी करणार नाही.' नोटरीचा शिक्का आहे, माझी सही आहे. तेव्हा तोंडी ठरलं होतं की मुलांचं तो बघेल. गेल्या दिवाळीपर्यंत दर महिन्याला आठ हजार येत होते. मग पाच आले, मग बंद. विचारलं की म्हणतो, "मुलांना इकडे पाठव, काही कमी पडू देणार नाही. तिकडे एक रुपया देणार नाही."

मी पतसंस्थेत आहे, हातात साडेअकरा हजार येतात. दोघांची फी, मुलीची शिकवणी, व्हॅन आणि आता तिचा चष्मा. आई-वडील बोलत नाहीत, पण वडील पेन्शनमधून व्हॅनचे पैसे परस्पर देऊन येतात, हे मला व्हॅनवाल्याकडून कळलं. ते मला सहन होत नाही.

मला घटस्फोट नको आहे. सासू-सासरे अजून मुलांना फोन करतात, उद्या काय होईल ते मला माहीत नाही. मला कुणाला तुरुंगात टाकायचं नाही. मला फक्त मुलांच्या बापाने मुलांचा वाटा उचलायला हवा आहे. घटस्फोटाची केस न करता हे मागता येतं का? त्या कागदामुळे माझे हात बांधले गेले का? मी कमावते म्हणून नाकारतील का? आणि त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागतील का?

कोर्टपायरी (वकील, सातारा जिल्हा):
ताई, आधी कागदाचं सांगतो, कारण तुम्ही त्याच्याच ओझ्याखाली आहात असं दिसतंय. पोटगी हा मुलांचा स्वतःचा हक्क आहे. आईने सही करून तो सोडता येत नाही, कारण तो तिचा नाहीच. नोटरीच्या शिक्क्याने त्यात फरक पडत नाही.

तुमच्या स्वतःच्या पोटगीचं मात्र वेगळं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं) म्हणतं की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. 'राजीखुशीने' हा शब्द समोरचा वकील तिथे पुढे करणार. पण ही अट फक्त बायकोला आहे, मुलांना नाही. म्हणून अर्जात मुलांची मागणी वेगळी, प्रत्येकाच्या नावाने, प्रत्येकाच्या खर्चाच्या आकड्यासह लिहा. तुमचा मुद्दा अडला तरी त्यांचा अडता कामा नये.

घटस्फोटाची केस लागत नाही. लग्न कायम असताना, नुसतं वेगळं राहत असतानाच हा अर्ज चालतो. तुम्ही राहता त्या भागातल्या कोर्टात करता येतो, पुण्याला जायची गरज नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्यात, नाही तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. याशिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात खर्च बंद करणं हाही आर्थिक छळ धरला आहे आणि त्यातही मुलांसाठी रक्कम मागता येते.

मुलाला पोटगी तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मिळते. मुलीचं लग्न झालेलं नसेल आणि तिला स्वतःचा खर्च झेपत नसेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तिला अठरानंतरही मागता येतं. ती आठवीत आहे, तेव्हा हे आत्ताच डोक्यात ठेवा.

गोदाकाठ:
कृष्णाकाठ, मी नाशिकची, यातून गेले आहे. वकीलसाहेबांनी एक सांगितलं नाही, ते मी सांगते: अर्ज लवकर टाक. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. निकाल उशिरा लागला तरी मागची रक्कम धरतात, पण अर्ज टाकायच्या आधीचे महिने सहसा हातचे जातात. मी 'पुढच्या महिन्यात देईल' म्हणत थांबले नाही, हे माझ्या मुलाच्या उपयोगी पडलं.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या रकमेचा, अर्ज सोबतच टाक. नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकाली काढावा असं कायद्यात आहे. माझ्या बाबतीत त्याहून खूप जास्त लागले, तेव्हा साठ दिवसांवर घराचं गणित मांडू नकोस.

दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. तुझे साडेअकरा हजार तू स्वतःहून लिही, एक रुपया लपवू नकोस. तुझ्या पगारामुळे मुलांचा हक्क बुडत नाही. दोघं कमावते असतील तर दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात मुलांचा भार उचलायचा, असंच कोर्ट बघतं. त्याच्या पगाराची जुनी स्लिप, फॉर्म सोळा, बँकेच्या मेसेजचा फोटो, जे घरात असेल ते गोळा कर. फीच्या पावत्या, चष्म्याचं बिल, व्हॅनची वही. वडील देतात तेही लिहून ठेव, कारण तो खर्च मुलांचाच आहे.

आणि मुलीला खरं सांग. आठवीतल्या पोरीला सगळं कळत असतं. 'तुझ्या फीसाठी बाबांकडे कोर्टामार्फत मागतेय' एवढं सरळ सांगितलं तर ती स्वतःला ओझं समजत नाही. माझ्या मुलाने ते शेजारणीकडून ऐकलं आणि आठवडाभर डबा तसाच परत आणत होता.

एक बाप, पिंपरी:
मी पैसे देणाऱ्या बाजूचा आहे. बायको आणि मी वेगळे राहतो, घटस्फोट नाही. आमची रक्कम कोर्टातल्या मध्यस्थीत ठरली, तीच आदेशात आली आणि दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जाते. आधी मीही 'मुलगी इकडे आली तर देईन' म्हणायचो. मध्यस्थांनी मला विचारलं, मुलगी तिकडे असताना जेवत नाही का? उत्तर देता आलं नाही.

तुमच्या यजमानांना बहुतेक वाटतंय की पैसे दिले तर मुलं कायमची गेली. ताब्याचा आणि भेटीचा प्रश्न वेगळा असतो, तो त्यांनी वेगळा मांडावा. पण तुम्हीही पैसे आले नाहीत म्हणून फोन किंवा भेट अडवू नका. रोख घेऊ नका, फक्त खात्यात घ्या. दोघांच्याही भल्याचं आहे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन मी कधीच अडवला नाही, रविवारी मुलं बोलतात. तो कागद मी आज बाहेर काढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा न घाबरता वाचला. त्यात मुलांचं नावसुद्धा नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. वकिलाची फी मला झेपणार नाही. आणि आदेश झाल्यावरही त्याने दिले नाहीत तर? खरंच तुरुंगात टाकतात का? सासऱ्यांना ते झेपणार नाही.

कोर्टपायरी:
फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे.

तुरुंगाचं: थकबाकीसाठी तुम्ही अर्ज केल्याशिवाय काही होत नाही. आधी वसुलीचं वॉरंट निघतं. तरीही सबळ कारणाशिवाय दिलं नाही तर एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी रक्कम भरेपर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पण नोकरदार माणसाच्या बाबतीत वेळ तिथवर बहुधा येत नाही, कारण पगारावर टाच आणता येते. तुम्ही पहिल्याच अर्जात पगारातून परस्पर कपात करून मुलांच्या खात्यात भरण्याची विनंती लिहा. सासऱ्यांची चिंता त्यानेच जास्त मिटेल. एक मात्र पाळा: रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही.

जाताना दोन्ही मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा, फीच्या पावत्या, तुमचं बँक पासबुक आणि तो स्टॅम्पपेपरही न्या. कागद लपवू नका, तो समोरून येण्याआधी तुमच्याकडून आलेला बरा.