शब्दचर्चा : बँडचा ‘साउंड’ म्हणजे नाद, बाज की जवारी?

माईघाट
‘जुन्या हेवी मेटल बँडने आपला ओळखीचा साउंड बदलावा का?’ सांगलीतल्या एका वार्षिकासाठी आलेल्या लेखाचा हा मथळा. साउंड हा शब्द तसाच ठेवायला हरकत नाही, पण लेखात तो पानोपानी येतो आणि दर वेळी अर्थ निराळा. एकदा गिटारचा खरखरीतपणा, एकदा तारा उतरवून लावणं, एकदा गाणी रचायची पद्धत. ‘आवाज’ लिहिलं तर गायकाचा गळा किंवा व्हॉल्यूम वाटतो. ‘ध्वनी’ म्हटलं की प्रदूषण आठवतं. नेमका शब्द सुचवा.

कृष्णाकाठ
नाद! आपल्या भागात याहून चालता शब्द दुसरा नाही. ‘मेटलिकाचा नाद करायचा नाय.’

व्याकरणबिकरण
विनोद म्हणून ठीक. पण ‘बँडने नाद बदलावा का’ हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून बघा. बँडने दारू सोडून जुगार धरावा का, असं ऐकू येतं. नादाला व्यसनाचा अर्थ इतका चिकटलेला आहे की संगीतातला अर्थ सांगायला शेजारी ‘अनाहत’ वगैरे आणून बसवावा लागतो. ‘धाटणी’ चालेल, पण ती लिखाणाची किंवा कापडाची जास्त वाटते. ‘सूर’ तर नकोच, त्यात फक्त उंची येते.

तरफदार
शब्द मिरजेत पडून आहे : जवारी. तानपुऱ्याच्या किंवा सतारीच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, वरचा पृष्ठभाग किंचित फुगीर घासलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर सरपटत थरथरते आणि वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत येणारे बारीक स्वर) सुटतात. त्या पृष्ठभागालाही जवारी म्हणतात आणि त्यातून येणाऱ्या झारेलाही, म्हणजे गुंजत राहणाऱ्या आवाजालाही. ‘जवारीदार आवाज’ हा प्रयोग गायकांबद्दलही होतोच.

गिटारचं डिस्टॉर्शन कानाला हेच करतं, फक्त मार्ग वेगळा. अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचे माथे सपाट कापले जातात, आणि त्या कापाकापीतून मूळ सिग्नलमध्ये नसलेले उपस्वर तयार होतात. तानपुऱ्यात हे काम घोडीचा उतार करतो. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निष्पंद बिंदू (न हलणारी जागा) येतो ते ऐकू यायला नकोत, असं पुस्तकी नियम सांगतो. या घोडीवर तेही ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच नोंदवलं होतं.

आणि शब्द इथल्या मातीतला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. मेटलशी नातं जुनंच म्हणायचं.

ड्रॉपडी
शब्द झकास आहे, पण माईघाट यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या लेखातल्या तीन अर्थांपैकी जवारी एकाच अर्थाला लागते. तारा उतरवणं म्हणजे जवारी नव्हे, ती पट्टी, म्हणजे स्वर किती उंच लावायचा ते.

गिटारची जाड तार नेहमीच्या लावणीत 82.4 हर्ट्‌झवर असते. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन. अर्ध्या सुराने उतरवली की काळी दोन. मेटलिका 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मैफलीत बहुतेक गाणी तिथेच वाजवते. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने 1971 च्या अल्बममध्ये काही गाणी दीड सूर खाली, काळी एकवर लावली. पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. तार सैल केली की दाबायला सोपी जाते. ज्याला आज सगळे मेटलचा ‘जड’ साउंड म्हणतात, त्यातला बराचसा भाग ही दुखऱ्या बोटांची सोय आहे.

गायकाचं वय वाढलं की पट्टी उतरवतात. आपल्याकडे नाट्यसंगीतात ‘गायकी बदलली’ असा गहजब त्यावरून कोणी करत नाही. मग बँडवरच का?

माईघाट
लेखकाचं म्हणणं असं की तारा उतरवल्या की सगळंच ‘चिखल’ होतं. हे खरं का?

ड्रॉपडी
नीट केलं नाही तर होतं. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गावर चालतो. पांढरी तीनवरून पांढरी एकवर आलं की 82.4 चे 65.4 हर्ट्‌झ होतात, आणि तीच तार ठेवली तर ताण जवळजवळ 37 टक्क्यांनी घटतो. मग तीन गोष्टी बिघडतात. तार पडद्यांवर आपटून खडखडते. जोरात छेडली की सुरुवातीला स्वर चढा लागतो आणि मग खाली बसतो. आणि मान मागे सरळ होते, त्यामुळे पहिल्या दोनतीन पडद्यांवर घरघर येते.

उपाय जाड तारेचा. 46 च्या जागी 56 ते 60 ची तार (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात). पण जाड तार नटाच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या तुकड्याच्या) खाचेत बसत नाही, वर तरंगते, म्हणून आधी खाच बारीक गोल कानशीने रुंद करायची. खोल करायची नाही, खोल गेली तर मोकळी तारच खडखडणार. मग बाराव्या पडद्यावर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघायचा. दाबलेला चढा लागला तर त्या तारेचं सॅडल (घोडीवर तार टेकते तो तुकडा) मागे सरकवायचं. मानेतली सळई फिरवायची ती मात्र या ताडण्याआधी, आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

एवढं करूनही चिखल राहिला तर दोष तारेत नसून गेनमध्ये (सिग्नल किती वाढवला त्यात) असतो. डिस्टॉर्शनच्या आधीच खालचे सूर कापावे लागतात. बरेच मेटलवाले ट्यूब स्क्रीमर या पेडलचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून अँपच्या आधी लावतात ते याचसाठी.

तरफदार
मान्य, पट्टी वेगळी. पण जवारीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि या चर्चेत तीच महत्त्वाची आहे. जवारी न बदलता तशीच राहत नाही. सतारीची बाजाची (मुख्य) तार पोलादी, साधारण 0.30 मिलिमीटरची. ती घोडीवर रोज घासून बारीक चरी पाडते. चरी पडली की आवाज किनरा होतो, लवकर विझतो, आणि मींड घेताना (तार ओढून स्वर चढवताना) तार चरीबाहेर सरकली की मधेच वेगळाच बोलतो. मग तार ढिली करून घोडी काढायची, चरी पूर्ण जाईपर्यंत सगळा पृष्ठभाग सपाट कानशीने घासायचा, पुन्हा हलका उतार द्यायचा, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, तार चढवून ऐकायचं. एका बैठकीत पाचसहा वेळा घोडी काढघाल होते. नुसती चरीच्या जागी कानस फिरवली तर तिथे खड्डा पडतो आणि घोडी वाया जाते.

उतार चपटा ठेवला तर खुली जवारी : तार जास्त लांबीवर घासते, झार मोठी. रविशंकरांची तशी. गोलाई जास्त दिली तर बंद जवारी : तार लगेच सुटते, आवाज गोळीबंद. विलायत खाँसाहेबांची तशी.

म्हणजे ‘तोच साउंड टिकवायचा’ असेल तर जवारी दरवेळी नव्याने काढावीच लागते. एसी/डीसी (मेटल की नाही, हा वेगळा धागा) 1975 पासून जवळपास तीच झार घेऊन वाजवतात. 2014 मध्ये माल्कम यंगच्या जागी पुतण्या स्टीव्ही आला, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगता आला नसता. ती जवारी राखण्याची कामगिरी आहे. काहीच न केल्याने ती राहिलेली नाही.

व्याकरणबिकरण
मग तिसरा अर्थ, रचना आणि वादनाची पद्धत, तिला ‘बाज’ म्हणा. सतारीत मसीतखानी बाज, रझाखानी बाज म्हणतोच. म्हणजे लेखाला तीन शब्द मिळाले : पट्टी, जवारी, बाज. पट्टी बदलली तर बँड तोच. जवारी बदलली तर कपडे बदलले. बाज बदलला तर बँड बदलला. इतकं सोपं आहे हे.

ड्रॉपडी
इतकं सोपं नाही. मेटलमध्ये जवारी काढून घेतली तर बाज जागेवर उभा राहत नाही.

मेटलच्या रिफचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड, ज्यात फक्त षड्‌ज-पंचम असतो. गांधार का नसतो? डिस्टॉर्शन दोन स्वर मिसळून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर तयार करतं. सा आणि प यांचं नातं 2:3, वजाबाकी 1, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो कोणीही वाजवलेला नसतो, अँप्लिफायर तयार करतो. म्हणून दोनच तारा एवढ्या भरदार वाजतात. गिटारचा गांधार मात्र समविभाजित, 400 सेंटचा (अर्ध्या सुराचे 100 सेंट). स्वयंभू गांधार 386 चा. त्या 14 सेंटच्या फरकातून येणारे स्वर एकमेकांना आपटतात आणि कॉर्ड गढूळ होते. पंचमात फरक फक्त 2 सेंटचा, म्हणून तो निभतो. तानपुराही प सा सा सा असाच लावतात.

तर बाजाचा स्वर-संच जवारीनेच ठरवलेला आहे. गेन कमी केला की संगीतकाराला गांधार मोकळा होतो, मग तो वापरणारच, आणि गाणी वेगळी व्हायला लागतात. ठरवून बाज बदललेला नसतो, जवारीमागून तो चालत येतो. 1986 मध्ये जुडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन दोघांनीही गिटार सिंथेसायझर आणला. मेडनच्या घोडदौडीच्या लयी आणि दोन गिटारांच्या जोडसुरावळी तशाच राहिल्या, म्हणून तो अल्बम आज लाडका आहे. प्रीस्टच्या रचनाच गुळगुळीत झाल्या आणि 1990 ला नवा ड्रमर घेऊन त्यांना दुप्पट तिखट व्हावं लागलं.

तरफदार
हा मुद्दा पटला. मग ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड? 2011 मध्ये त्यांनी गुरगुरत गाणं पूर्ण सोडलं, 2024 ला परत आणलं. मधल्या वर्षांतली गाणीही लांबच लांब, वळणावळणाचीच होती. बाज तोच, गेली ती गळ्याची जवारी. तरी जुने श्रोते तेरा वर्षं कुरकुरत होते. म्हणजे लोक जवारीलाच ओळख मानतात.

ड्रॉपडी
लोक मानतातच. चार सेकंद ऐकून बँड ओळखायचा तर जवारीच ऐकू येते, बाज कळायला अख्खं गाणं लागतं.

माझं मत विचाराल तर जुन्या बँडने बदलावं, पण एका वेळी एकच खुंटी पिळावी. 2003 चा मेटलिकाचा अल्बम हे उलटं उदाहरण. पट्टी पांढरी एकवर. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला लागणाऱ्या तारा खटका पाडून सोडवलेल्या, त्यामुळे ‘चर्र’ जाऊन डबा बडवल्यासारखा ‘टण्ण’. आणि गिटारचे सोलो अजिबात नाहीत. पट्टी, जवारी, बाज तिन्ही एकदम. कशाने बिघडलं हे आजही भांडून ठरत नाही, पण सगळ्यांच्या तोंडी तक्रार स्नेअरची. खटका परत वर केला असता तर निम्मी ओरड थांबली असती.

कृष्णाकाठ
आणि 2008 चा? तोही फाटका वाजतो म्हणतात.

ड्रॉपडी
तो या तिन्हींत बसत नाही. तिथे वाजवणं, रचना, गिटारचा पोत सगळं जुन्या वळणावर आणलेलं होतं. शेवटच्या मास्टरिंगमध्ये आवाजाची पातळी इतकी वर ढकलली की अख्खी लाटच कापली गेली. गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती आणि लोक ती पसंत करत होते. त्याला मराठीत सरळ ‘ध्वनिमुद्रण फाटलं’ म्हणावं. जवारी म्हणू नये, जवारी हवी म्हणून काढतात.

माईघाट
लेखात तिन्ही शब्द घेते. मथळ्यात ‘साउंड’च राहू दे, आत फोड करू. क्रियापदं कोणती लावायची तेवढं सांगा. ‘जवारी बदलली’ चालेल?

तरफदार
कारागीर ‘जवारी काढणे’, ‘जवारी लावणे’ म्हणतात. झिजली की ‘जवारी बसली’ किंवा ‘गेली’, नीट झाली की ‘जवारी बोलते’. तानपुऱ्याला घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती धागा सरकवून झार खुलवतात, तिथे ‘जवारी खुलली’. ‘बदलली’ चालेल, पण मग कशावरून कशावर ते लिहा : ‘खुलीवरून बंद केली’. बँडच्या बाबतीत गेन कमी केला तर ‘जवारी बंद केली’ हे अगदी चपखल बसतं.

कृष्णाकाठ
जत-मिरजेच्या सीमाभागात जवारी म्हणजे गावरान. जवारी मिरची, जवारी कोंबडी. ‘मेटलिकाची जवारी’ वाचून तिकडचा वाचक रश्शाची वाट बघेल. पहिल्या उल्लेखाला ‘तारेची जवारी’ लिहा.

व्याकरणबिकरण
आणि बाज पुल्लिंगी ठेवा, ‘मेडनचा बाज’. ‘मेडनची बाज’ छापलंत तर ती सुतळीने विणलेली खाट होईल. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे संगणकाची शुद्धलेखन तपासणी हे पकडणार नाही.