रायडिंग मोवरने झुडपं काढायची तर
दादा, जुन्या रायडिंग मोवरला (बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राला) जाड पातं लावून डाळिंबाच्या बांधाकडेची झुडपं काढायचा तुमचा विचार पटला, पण नुसतं पातं जाड करू नका. सगळा मार स्पिंडलवर (पातं फिरवणाऱ्या दांड्यावर), बेअरिंगवर आणि बेल्टवर येतो. त्यापेक्षा ट्रॅक्टरला जोडायच्या स्लॅशरची (झुडपं कापायच्या अवजाराची) रचना घ्या: मधे जाड गोल तबकडी, तिच्या कडेला बोल्टवर मोकळी फिरणारी दोन आखूड पाती. दगड लागला की पातं मागे वळतं, शाफ्टवरचा धक्का कमी होतो. आपल्या सोलापूरच्या मुरमाड रानात हे फार महत्त्वाचं. घेर मूळ पात्याएवढाच ठेवा आणि बॅलन्सिंग करूनच, म्हणजे सगळीकडून वजन सारखं करूनच बसवा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 80-90 मीटरपर्यंत जातो, तुकडा सुटला तर जीवावर बेतेल. म्हणून डेकला (पात्यावरच्या झाकणाला) पुढून-मागून लोखंडी साखळ्यांचा पडदा हवाच.

गाजरगवत, तरवड, कोवळी घाणेरी निघेल. वेडी बाभूळ अंगठ्याहून जाड असेल तर मोवर घालूच नका. वरून छाटली की बुडातून पुन्हा फुटते, ती खणूनच काढावी लागते. तिचे काटे टायरही फोडतात, आधी त्यांत पंक्चर बुजवणारं सीलंट भरून घ्या. उन्हाळ्यात इंजिनच्या फिन्समधला (थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांमधला) पाचोळा रोज झाडा, पेट घेतो.