मदत हवी आहे: मादागास्करमधल्या आकामासोआला जायचंय

नमस्कार मंडळी,

जुलैत कामानिमित्त आंतानानारिव्होला जाणं होतंय. साइटवरचं काम शनिवारी आटोपेल, परतीचं विमान सोमवारी रात्री. मधल्या रविवारी लेमूर (तिथली माकडासारखी जनावरं) बघायचे असं बरोबरच्यांनी ठरवून टाकलंय. लेमूर काय, पुन्हा कधीही बघता येतील. मला आकामासोआला जायचंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फादर पेद्रो ओपेका हे अर्जेंटिनात जन्मलेले, स्लोव्हेनियन आईवडिलांचे पुत्र, व्हिन्सेंशियन या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. ते राजधानी आंतानानारिव्होत आले तेव्हा आंद्रालानित्राच्या कचरा डेपोवर कुटुंबंच्या कुटुंबं कचऱ्यातून खाणं वेचून जगत होती. त्यांना हाताशी धरून १९८९ मध्ये त्यांनी आकामासोआचं काम सुरू केलं. वडील गवंडी, त्यामुळे थापी लहानपणापासून हातात. पुठ्ठ्याच्या झोपड्यांच्या जागी विटांची घरं उभी राहिली, ती राहणाऱ्यांनीच बांधली. म्हातारे, आजारी आणि लहान मुलं सोडली तर तिथे फुकट काही मिळत नाही: धडधाकट माणसानं काम करायचं आणि पोरांना शाळेत घालायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे जाऊन आले, तेव्हा बातम्यांत नाव आलं होतं.

मी सिव्हिलवाला, त्यामुळे खरी ओढ कशाची ते सांगतो. तिथे ग्रॅनाइटची खाण आहे. फोटोत बायका उतारावर बसून हातोडीने खडी फोडताना दिसतात, डोक्यावर टोपी, पायाशी ढीग. ते काम मला जवळून बघायचंय. पण लगेच मनात येतं, दुसऱ्याचे कष्ट बघायला जाणं म्हणजे तरी काय? पर्यटनच ना ते, फक्त कारण सोज्वळ.

तर अडचणी अशा. रविवारच्या मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) परदेशी पाहुणे येतात हे वाचलंय, पण मी ख्रिश्चन नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पावाचा प्रसाद देतात त्या वेळी काय करायचं? ऑफिसातल्यांनी थोडी वर्गणी काढून दिलीये, ती कुणाच्या हातात द्यायची? आणि सगळ्यात अवघड म्हणजे एकाने हौसेनं चॉकलेटची भलीमोठी पिशवी सोपवलीये, 'तिथल्या मुलांना वाट' म्हणून. जिथे माणसानं हात पसरू नये म्हणून फादर इतकी वर्षं खपले, तिथे जाऊन मी चॉकलेटं उधळू? नाही म्हणावं तर मित्राचं मन मोडतं.

शिवाय जाताना-येताना विमान नैरोबीला बदलायचंय, तर पिवळ्या तापाच्या लशीचं काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

मी कॅथलिक आहे, म्हणून मिस्सेपुरतं सांगते. कम्युनियनच्या वेळी खुशाल जागेवर बसून राहा, कुणी वळूनही बघत नाही. चुकून रांगेत ओढले गेलातच तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, फादर फक्त आशीर्वाद देतील. बाकी सगळे उभे राहिले की उभं राहायचं, इतकंच. अर्पणाची टोपली आली तर त्यात तुमची स्वतःची छोटी रक्कम टाका. वर्गणीचे पैसे मात्र कार्यालयात द्या आणि पावती घ्या. आणि वेळ हाताशी ठेवून जा हो! तिथली मिस्सा तासाभरात उरकणारी नाही, हजारो माणसं, गाणी, नाच.

प्रतिसाद २

दादा, मी काही काळ तानात होतो (आंतानानारिव्होला सगळे तानाच म्हणतात). पिशवी मुलांसमोर उघडूच नका. एकाला दिलंत की पन्नास हात पुढे येतात, मग मोठी पोरं लहानांच्या हातातलं ओढतात, आणि तुम्ही मध्ये उभे. शाळेच्या कार्यालयात द्या, ते काय करायचं ते करतील. मित्राला सांगा, पोचलं.

मुलं 'वाझाहा' म्हणून हाक मारतील, म्हणजे परदेशी पाहुणा. राग मानू नका. फोटो आधी विचारून, आणि खाणीत काम करणाऱ्या बाईचा तर तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय नकोच. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा, शहर जवळजवळ १,२८० मीटर उंचीवर, सकाळी स्वेटर लागतो. पैशांत एक गंमत आहे: २००५ मध्ये तिथलं फ्रँक हे चलन जाऊन आरियारी आलं, पाच फ्रँकचं एक आरियारी, पण काही लोक अजून फ्रँकमध्येच भाव सांगतात. आकडा पाचपट वाटला तर दचकण्याआधी विचारा.

आणि रविवारी खाणीत काय बघणार? सोमवारी रात्रीचं विमान आहे ना, मग सोमवारी सकाळी जा की! रविवारी मिस्सेत भेट झाली की तिथेच विचारून घ्या. आगंतुकासारखं खाणीत शिरण्यापेक्षा ते बरं.

प्रतिसाद ३

लशीबद्दल: केनिया जोखमीच्या देशांत मोडतो. नैरोबीत बारा तासांहून जास्त थांबा असेल तर मादागास्करला प्रमाणपत्र लागतं. भारतात परतताना विमानतळाबाहेर पडला नसाल तर सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्याला पटावी लागते, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. लस घ्यायचीच असेल तर निदान दहा दिवस आधी. एकदा घेतली की जन्मभर चालते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारचं डोक्यातच आलं नव्हतं. चॉकलेटवाल्या मित्राला फोन केला; तो म्हणाला, 'मग वह्या घेऊन जा, त्या तरी कामाच्या.' कार्यालयातच देईन. नैरोबीचा थांबा चार तासांचा आहे, तरी लस घेऊन टाकतो.

आता एकच राहिलं. माझं फ्रेंच 'बाँज्यूर'च्या पुढे जात नाही. सोमवारी खाणीत बायकांशी बोलायचं तर तिथली मलागासी भाषा येणारं कुणी बरोबर हवं. हॉटेलच्या टॅक्सीवाल्याला दिवसभराचे पैसे देऊन दुभाषा म्हणून नेणं बरं, की आकामासोआच्याच लोकांना विचारावं? कुणी असं केलंय का?